थर सरकतात, खाली दोऱ्याचा गुंता होतो: घरच्या मशीनवर क्विल्टिंग शिकायचं कसं?

सिंहगड रस्त्यावरून एका ताईंनी विचारलंय. ब्लाउज, परकर, मुलीचे फ्रॉक इतकी वर्षं त्या घरीच शिवतात. तुकडे जोडून गोधडीचा वरचा थरही छान झाला. पण वरचा थर, मधलं वॅडिंग (म्हणजे भरण) आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर एकत्र टाचायला, म्हणजे क्विल्टिंग करायला, मशीनवर बसलं की सगळं बिघडतं. वर चुण्या पडतात, अस्तराला घड्या बसतात आणि फ्री मोशन, म्हणजे कापड हातानं हवं तसं फिरवत शिवणं, करायला गेलं की खाली दोऱ्याचा गुंता. आता साठवलेल्या पैशांतून मोठ्या गळ्याची (सुई आणि मशीनचा खांब यांच्यात जास्त जागा असलेली) क्विल्टिंगची मशीन घ्यावी, की शेजारच्या सोसायटीत दर महिन्याला क्विल्ट करणाऱ्या बायका जमतात त्यांच्यात जाऊन बसावं, असा त्यांचा प्रश्न आहे. तिथे सगळ्या मुरलेल्या आणि आपलं काम कच्चं, म्हणून पाय उचलत नाही. शिवाय आजीचं एक इरकल आहे, त्याची गोधडी करायची मनात आहे.

ताई, मशीन घेऊ नका. निदान वर्षभर तरी नकोच. त्या बायकांच्यात जा, आणि जाताना तो बिघडलेला तुकडा न उसवता तसाच घेऊन जा. मशीनवरच्या क्विल्टिंगमध्ये जे बिघडतं त्यातलं बरंचसं सुई कापडात शिरण्याआधीच बिघडलेलं असतं. अस्तर किती ताणलं, पिना किती अंतरावर लावल्या, टेबल किती उंच होतं, दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर होता की खाली, यावर सगळं ठरतं. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण तिथे मांडामांड आधीच नीट झालेली असते. मुरलेल्या बाईला तुमचा तुकडा उलटा करून बघितला की पाच मिनिटांत कळतं. तुकडा उसवलात तर तिला बघायला काही उरत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या कामात तीन वेगळी दुखणी आहेत. वरच्या चुण्या मशीनच्या चालीमुळे येतात. मशीनचे दाते खालचं कापड मागे नेतात, वरचं कापड मात्र फुटाखाली दाबलेलं असतं. ब्लाउजच्या दोन थरांत हा फरक हातानं सावरता येतो. मध्ये वॅडिंग आलं की वरचा थर मागे पडतो, फुटापुढे त्याची लाट तयार होते, आणि पुढची आडवी टीप आली की ती लाट तिथेच चुणी होऊन बसते. यावरचा खरा उपाय म्हणजे वॉकिंग फूट. त्याला स्वतःचे दाते असतात आणि त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर बसते. सुई वर-खाली झाली की हे दातेही चालतात, त्यामुळे वरचं आणि खालचं कापड एकाच चालीनं सरकतं. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मशीन लो शँकच्या (फूट बसवायची दांडी आखूड असलेल्या) असतात आणि त्यांना लो शँकचा साधा वॉकिंग फूट बसतो. तरी विकत घेण्याआधी गटातल्या कुणाचा तरी लावून बघा. तोपर्यंत फुटाचा दाब कमी करा, टाक्याची लांबी ३ मिलिमीटरवर न्या आणि सावकाश चला. त्यानंही बराच फरक पडेल.

अस्तराच्या घड्यांचा मात्र मशीनशी काही संबंध नाही. थर लावताना अस्तर सैल राहिलं, एवढंच. लाखभराची मशीन आणलीत तरी या घड्या तशाच पडतील.

थर लावणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. अस्तर आणि वॅडिंग दोन्ही वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ३-४ इंच मोठी हवीत. अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि मास्किंग टेपनं चिकटवा. आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग कोपरे. कापड सपाट आणि घट्ट हवं, पण उभ्या-आडव्या धाग्याला बाक येईल इतकं ओढायचं नाही. ओढलंत तर टेप काढल्यावर ते आकसतं आणि वर फुगवटा येतो. फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर टेप छान धरते. जुन्या वाड्यात शहाबादी असेल तर आधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, धुळीवर टेप टिकत नाही. मग वॅडिंग, त्यावर वरचा थर, दोन्ही मधून कडांकडे हातानं सपाट करत न्यायचे. पिनाही मधूनच सुरू करायच्या आणि चार बोटांच्या अंतरानं लावत जायच्या. क्विल्टवर कुठेही तळहात ठेवला तरी त्याखाली पीन लागली पाहिजे. ही खूण मी आमच्या क्विल्टिंगच्या गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, कारण ‘भरपूर पिना लाव’ म्हटलं की प्रत्येकीचं भरपूर वेगळं असतं.

पिना बारीक आणि चांगल्या घ्या, आणि पावसाळ्यात क्विल्ट पिना लावून आठवडेच्या आठवडे ठेवून देऊ नका. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात साध्या सेफ्टी पिना गंजतात आणि सुती कापडावरचा गंजाचा डाग सहजी निघत नाही. काम लांबणार असेल तर पिनांऐवजी कच्चा दोरा घाला. लांब लांब टाके, पांढरा दोरा, उभ्या-आडव्या रेघा. जुन्या बायका हेच करायच्या, आणि मशीनसाठीही ते उत्तम चालतं. फक्त पुढची टीप बरोबर कच्च्या दोऱ्यावरून जाणार नाही असं बघा, नाहीतर तो काढताना जीव जातो.

आता गटाचा खरा उपयोग सांगते. एकटीनं डबलबेडची गोधडी थर लावून पिना मारायची म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर. चौघी चार कोपऱ्यांना बसल्या की तेच काम तासाभरात आटोपतं, आणि जास्त चांगलं होतं, कारण अस्तर चारी बाजूंनी एकाच वेळी ताणलं जातं. आमच्यात एक दिवस फक्त याचसाठी असतो. ज्यांचे वरचे थर तयार आहेत त्या आणतात, बाकीच्या हात लावतात. त्या दिवशी मशीन कुणी आणत नाही. गोधडी आपल्याकडे कधीच एकटीचं काम नव्हतं. लुगड्याचे थर पसरायला, कोपरे धरायला शेजारच्या दोघी-तिघी दुपारी यायच्याच. मशीनमुळे टीप एकटीनं मारता येऊ लागली, थर मात्र अजूनही चौघींनीच लावावेत.

दोऱ्याच्या गुंत्याकडे येते. आमच्याकडे हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. मशीन नवी, दोरा चांगला, टेन्शन (दोऱ्याचा ताण) दोनदा बदलून झालेलं. तिनं फ्री मोशन सुरू केलं आणि चार-पाच टाक्यांत मशीन घरघरून अडली. शेजारच्या काकू आपल्या हातातला गोट तुरपत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “फूट खाली घेतलास का गं?” मुलीनं वाकून बघितलं, दांडी वरच होती. फ्री मोशनचा फूट खाली घेतला तरी साध्या फुटासारखा कापडावर घट्ट दाबून बसत नाही, म्हणून तो खाली आहे की वर हे नवख्या डोळ्यांना कळत नाही. दांडी वर राहिली की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, वरचा दोरा मोकाट सुटतो आणि सगळा खाली जाऊन साठतो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिन केस काढून बसतो. दुखणं असतं वरच्या दोऱ्यात.

काकूंनी तिला सगळा दोरा काढून पुन्हा ओवायला लावला, फूट वर ठेवून. कारण चकत्या तेव्हाच उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. मग सुईजवळचा दोरा हातानं ओढून बघायला सांगितला. फूट वर असताना तो सहज आला, खाली घेतल्यावर अडला. अडला नसता तर तो चकत्यांत बसलेलाच नाही असं समजायचं. ही ओढून बघायची खोड त्या मुलीनं उचलली, आणि आता ती दुसऱ्यांना सांगते. तुम्हीही उद्या घरी हे आधी करून बघा. तुमचा गुंता यातच सुटेल असं मला वाटतं.

त्यानंतरच्या दोन सवयी. पहिला टाका घेतला की वरचा दोरा ओढून बॉबिनचा दोरा वर काढायचा, आणि दोन्ही दोरे बोटांत धरून जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घ्यायचे. आणि बॉबिन बदलताना दर वेळी खालचा कचरा ब्रशनं काढायचा. वॅडिंगवर काम करताना तो ब्लाउजच्या कितीतरी पट जास्त साठतो. तेल तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच, एक थेंब.

सुईबद्दल मी हट्टी आहे. १४ नंबरची नवी सुई लावूनच क्विल्ट सुरू करा आणि आठेक तास शिवून झालं की ती बदला, मोडायची वाट बघू नका. बोथट सुई तीन थरांतून जाताना टक-टक आवाज करते. गटात बसलात की हा आवाज कानाला लगेच ओळखू येतो, कारण शेजारच्या मशीनचा आवाज वेगळा असतो. घरी एकट्या मशीनशी तुलना करायला काही नसतं. दोरा सुरुवातीला वर-खाली एकच घ्या, ४० किंवा ५० वजनाचा. आकडा मोठा तितका दोरा बारीक. ज्याच्या अंगावर लव दिसते तो स्वस्तातला दोरा ब्लाउजला चालून जातो, इथे नको.

टेबलाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्मा त्रास तिथून येतो. मशीन टेबलावर ठेवली की तिचा पाट टेबलापेक्षा तीन-चार इंच उंच राहतो. क्विल्ट त्यावरून खाली लोंबतं, स्वतःच्या वजनानं सुईखालून ओढलं जातं, आणि आपण खांदे आवळून त्या ओढीशी झगडत बसतो. टाके लहान-मोठे होतात ते यामुळे. जुनी काळी पायमशीन घरात असेल तर तुमच्याइतकं भाग्यवान कुणी नाही. ती लाकडी टेबलात सपाट बसलेली असते, तिची सरळ टीप आजच्या बहुतेक मशीनपेक्षा देखणी येते आणि पायांनी चालते म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. हातमशीनवर मात्र फ्री मोशन जमत नाही, एक हात चाकावरच जातो. पायमशीन नसेल तर मशीनच्या आकाराची खाच कापलेला प्लायचा पाट करून घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय मिळतो, कुठलाही सुतार मापानं कापून देईल. तेवढंही नको असेल तर जाड थर्मोकोल मशीनच्या पाटाच्या उंचीला बसवून भोवती लावा आणि वर गुळगुळीत प्लॅस्टिक चिकटवा. डाव्या हाताला आणि मागे दुसरं टेबल, किंवा निदान इस्त्रीचं टेबल, म्हणजे क्विल्टचं वजन त्यावर जाईल. खुर्ची अशी की कोपर काटकोनात येईल. मोठ्या गळ्याच्या मशीनसाठी जे पैसे काढून ठेवलेत त्यातला अगदी थोडा भाग यावर खर्च करा.

हाताची पकड हाही मोठा प्रश्न. बाहेरून मागवलेले क्विल्टिंगचे हातमोजे महाग पडतात. दुचाकीवर उन्हासाठी घालतात ते तळव्याला रबरी ठिपके असलेले सुती हातमोजे अगदी तेच काम करतात. बोटांची टोकं कापून घेतली की दोरा ओवायलाही अडचण नाही. नोटा मोजायला वापरतात त्या रबरी टोप्या दोन-दोन बोटांना घालूनही चालतं.

सराव कसा करायचा. १४-१४ इंचांचे चौकोन करून ठेवा. मांजरपाट वर-खाली, मध्ये तुम्ही पुढे वापरणार असाल तेच वॅडिंग. पहिले काही चौकोन फक्त वॉकिंग फुटावर सरळ रेघा. मधली उभी आणि मधली आडवी रेघ आधी मारा म्हणजे थर बांधले जातील, मग मधून कडेकडे भरत जा. शेजारशेजारच्या रेघा एकाच दिशेनं मारा. एक वरून खाली आणि पुढची खालून वर मारलीत की मधल्या पट्टीत तिरक्या सुरकुत्या येतात. सरळ रेघांनाच कित्येक जणी कमी लेखतात आणि लगेच वेली-फुलांकडे धावतात. माझ्या मते खणाच्या किंवा ब्लॉकप्रिंटच्या कापडावर सरळ रेघांइतकं शोभून दुसरं काही दिसत नाही, कारण कापडावर आधीच इतकं घडत असतं.

फ्री मोशनला दाते खाली करायचे. तुमच्या मशीनला ती कळ नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवा किंवा दात्यांवर झाकणपट्टी लावा. आता कापड मशीन नेत नाही, तुम्ही नेता, म्हणजे टाक्याची लांबी तुमच्या हाताच्या वेगावर ठरते. सुई बऱ्यापैकी वेगात, हात सावकाश. नवीन बायका भीतीनं नेमकं उलटं करतात. पायडल हळूच दाबतात आणि कापड पटकन ओढतात. मग टाके लांब येतात, वळणावर मागच्या बाजूला दोऱ्याच्या बारीक कड्या दिसतात. त्या दिसल्या की लगेच टेन्शनला हात घालू नका, आधी वळणावर हात मंद करून बघा.

आपल्या बायकांना यात एक जमेची बाजू आहे. रांगोळी काढलेला हात रेघ मध्ये न तोडता पुढे नेऊ शकतो, रिकामी जागा किती उरली ते न मोजता ओळखतो. फरक एवढाच की रांगोळीत बोटं आणि मनगट चालतं, इथे हात खांद्यापासून हलवायचा आणि मनगट शांत ठेवायचं. म्हणून नमुना आधी कागदावर पेन न उचलता पानभर काढा, मग मशीनवर. सुरुवात वेड्यावाकड्या वळणांनी करा, नदीच्या पात्रासारखी, एकमेकांना न छेदता. मग पानांची वेल, मग गोल खडे. डोळे सुईवर ठेवू नका, पुढे जिथे जायचंय तिथे ठेवा. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि आपल्याला कळत नाही. गटात कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवतं, घरी गजर लावा.

पहिलं पूर्ण काम म्हणून उशीचा अभ्रा किंवा ३६ इंच चौकोनी बाळाची गोधडी घ्या, बारशाला द्यायला. डबलबेडची घेऊ नका. घरगुती मशीनचा गळा सहा-सात इंचांचा, त्यातून निम्मी गोधडी गुंडाळून न्यायची म्हणजे मुरलेल्यांचीही कसोटी लागते. मोठीच करायची असेल तर पट्ट्या-पट्ट्या वेगवेगळ्या क्विल्ट करून नंतर जोडायच्या. ही युक्ती लहान मशीनवाल्यांसाठीच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कापड आणि वॅडिंग. लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ, तुळशीबाग एवढ्यात सुरुवातीचं सगळं मिळतं, आणि ओळखीच्या ब्लाउजवाल्याकडून कतरण मिळाली तर आणखी बरं. प्रत्येक सुती कापड आधी धुवा. पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि ब्लॉकप्रिंटचे गडद लाल-निळे रंग जातात. शंका असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रजईवाल्याकडचा पिंजलेला कापूस मशीनसाठी घेऊ नका, तो सरकून गोळे होतात. पातळ पॉलिस्टर वॅडिंग शिकायला स्वस्त पडतं, पण फुगीर नको, जितकं फुगीर तितकं निसटतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, याहून जाड काही लागतही नाही. मला स्वतःला मध्ये धुऊन मऊ झालेली सुती चादर किंवा फ्लॅनेल जास्त आवडतं. वजनाला थोडं जड होतं, पण थर एकमेकांना धरून राहतात आणि गोधडी अंगावर गोधडीसारखीच पडते.

गटात जायला लाजताय त्याबद्दल. मशीनचं काम म्हणजे खरी गोधडी नव्हे, असं तुम्हाला तिथे किंवा घरीच कुणीतरी म्हणेल. हा वाद जुना आहे आणि फक्त आपला नाही. अमेरिकेत केंटकीतल्या पडूका गावी क्विल्टर्सचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथलं सर्वोच्च बक्षीस १९८९ साली कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या क्विल्टला मिळालं, आणि ते मशीननं क्विल्ट केलेलं होतं. असं पहिल्यांदाच घडलं होतं आणि त्यावर खूप चर्चा झाली. आज तिथे मशीनचं काम सर्रास दिसतं. हाताच्या टाक्याचा मान माझ्या मनात तसूभरही कमी नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, बघा. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत शिवत जातात, तुकडे शिवता शिवताच लावतात, म्हणून जास्तीचं कापड वाटेत मुरवता येतं. मशीनवर वरचा थर आधीच तयार असतो, म्हणून आपल्याला मधून बाहेर जावं लागतं. दोन्हींचं तर्कशास्त्र वेगळं आहे, एकीला दुसरीच्या मापानं मोजू नये.

गट चांगला आहे का, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. बायका क्विल्टची मागची बाजू दाखवतात का. पुढची बाजू सगळेच दाखवतात. जिथे एखादी मुरलेली बाई आपली गोधडी उलटी करून ‘इथे बघ, टेन्शन गेलं होतं’ असं सहज सांगते, तिथे शिकायला मिळतं. जिथे तुमचा तुकडा हातात घेऊन न विचारता उसवायला घेतात, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका. आमच्याकडे न सांगता पाळले जाणारे काही नियम आहेत. विचारल्याशिवाय दुसरीच्या मशीनच्या टेन्शनला हात लावायचा नाही. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत विचारून कुणाला अवघडवायचं नाही. वॉकिंग फूट, मोठी कटिंग मॅट, पिनांचा डबा हे सगळ्यांचं मिळून, वापरलं की जागेवर. चहा आणि बाकरवडी वेगळ्या खोलीत, क्विल्ट पसरलेलं असताना नाही.

पहिल्या दिवशी स्वतःची मशीन घेऊन जा. रिक्षात मांडीवर बसते ती, सहा-सात किलोच असते. दुसरीच्या मशीनवर शिकलेलं टेन्शन घरी आल्यावर जुळत नाही. सोबत दोन कोरे चौकोन थर लावलेले, नवी सुई, आणि तो बिघडलेला तुकडा. काही विचारायचं सुचलं नाही तरी नुसत्या थर लावणाऱ्यांच्यात एक कोपरा धरून बसा. ओळख अशीच होते.

गोट लावण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, ब्लाउज शिवता म्हणजे तो येईलच. फक्त गोधडीच्या सरळ कडांना उरेब पट्टी लागत नाही, अडीच इंचांची सरळ पट्टी दुहेरी घडी करून लावा. उरेब वळणदार कडांनाच.

आता आजीचं इरकल. ते पहिल्या कामाला नको, दुसऱ्यालाही नको. जुन्या लुगड्याचं सूत घड्यांच्या रेषांवर विरलेलं असतं. एखादा भाग उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. धागे सरकले किंवा करकर आवाज आला तर तो भाग वापरायचा नाही. जो भाग टिकाऊ आहे त्याच्या मागे धुतलेलं मलमल लावून दोन्ही मिळून एक कापड समजा. त्यावर दाट क्विल्टिंग नको. टाके जितके जवळ तितकी भोकं जवळ, आणि विरलेलं कापड त्या ओळीवरच फाटतं. तीन-चार इंचांच्या अंतरानं सरळ रेघा, ११ नंबरची सुई, बारीक सुती दोरा. रेशमी काठ सुती अंगापेक्षा वेगळा आटतो, म्हणून काठ वेगळा काढून नंतर वरून लावा. कापायच्या आधी ते लुगडं गटात नेऊन पूर्ण उलगडा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, घरात नीट पसरून बघताच येत नाही. चौघींनी धरलं की विरलेले भाग, डाग, पदर सगळं एकदम दिसेल, तिथेच टेलरच्या खडूनं खुणा करून घ्या आणि त्या खुणांवरून कागदावर आराखडा काढा. कात्री त्यानंतर.